मदत हवी आहे: आईच्या धडधडीसाठी अॅब्लेशन
नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. आई ५८ वर्षांची. दोन वर्षं झाली, मधेच छाती धडधडायला लागते. परवा तांदूळ निवडत बसली होती, हातातलं सूप तसंच खाली ठेवलं. गळ्याची शीर लांबूनही उडताना दिसत होती. बेळगावला नेलं तेव्हा ठोके १९०! अडेनोसिनचं इंजेक्शन दिल्यावर काही सेकंदांत खाली आले.

मेटोप्रोलॉल (ठोके आटोक्यात ठेवायची गोळी) चालू आहे, डोसही वाढवला. तरी महिन्यातून दोनदा ठरलेलंच. डॉक्टर म्हणतात, एसव्हीटी आहे, म्हणजे हृदयातला करंट चुकीच्या वाटेनं फिरून ठोके एकदम वाढतात, आता अॅब्लेशन करा. जांघेतल्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेऊन, जिथून चुकीचा करंट फिरतो तेवढीच जागा जाळायची. ‘जाळायची’ ऐकल्यापासून आईनं अंथरूण धरलंय. क्वचित पेसमेकर बसवावा लागतो, हेही तिच्यासमोरच सांगितलं. बाहेर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कुणी हे करून घेतलंय का? बेळगावातच केलं की कोल्हापूर, बेंगळुरू गाठलं? खर्च किती आला, आयुष्मान कार्ड चाललं का? आणि नंतर गोळ्या सुटल्या का? शक्यतो बायकांचा अनुभव सांगा, आईला वाचून दाखवायचाय.