मदत हवी आहे: पल्स कॉलम सारखा फ्लड होतोय, पल्सिंग कमी केलं तरी थांबत नाही

मुग्धा_के
एम.टेक.चा प्रकल्प आहे, पुढच्या शुक्रवारी सादरीकरण आहे आणि कॉलम काही केल्या चालत नाहीये. ५० मिमी व्यासाचा काचेचा सीव्ह प्लेट कॉलम आहे, म्हणजे छिद्रांच्या प्लेटा असलेली उभी नळी. न मिसळणारे दोन द्रव त्यात एकमेकांविरुद्ध वाहतात आणि पिस्टन त्यांना वर-खाली ढकलत राहतो (पल्सिंग). केरोसीनमध्ये ३० टक्के टीबीपी (ट्रायब्यूटाइल फॉस्फेट) हा सॉल्व्हंट, म्हणजे ऑरगॅनिक; समोर पाण्यातलं नायट्रिक ॲसिड, म्हणजे ॲक्वस. दिवाळीच्या सुट्टीआधी याच प्रवाहांवर तासन्‌तास नीट चालत होता. आता वीस मिनिटांत फ्लड होतो, म्हणजे द्रव पुढे न सरकता आतच साचत जातात, आणि खालून निघणाऱ्या ॲक्वसबरोबर ऑरगॅनिक यायला लागतं. पल्सिंग जास्त झालं की फ्लडिंग होतं, म्हणून फ्रीक्वेन्सी कमी केली. तर आता दहाच मिनिटांत भरतो! लवकर सांगा प्लीज.

रसायनीकर
प्रवाह किती? ॲम्प्लिट्यूड किती? छिद्रं केवढी? कंटिन्यूअस फेज कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीये, सांगणार काय?

मुग्धा_के
सॉरी. ॲक्वस ताशी १२ लिटर, ऑरगॅनिक ताशी २४. ॲम्प्लिट्यूड २० मिमी. आधी मिनिटाला ६० स्ट्रोक होते, आता ४०. स्टीलच्या प्लेटा, ३ मिमीची छिद्रं, २३ टक्के मोकळी जागा, दोन प्लेटांत ५० मिमी. ॲक्वस कंटिन्यूअस (ऑरगॅनिक त्यातून थेंबांनी वर चढतं), दोन्हींमधली सीमा, म्हणजे इंटरफेस, वर.

रसायनीकर
सॉल्व्हंट खराब झालाय. आमच्याकडे एकदा नव्या ड्रममधून कसलंतरी साबणासारखं द्रव्य आलं होतं, दोन पाळ्या नुसतं इमल्शन उपसत बसलो. टीबीपी ॲसिडबरोबर राहिलं की हळूहळू तुटतं, डीबीपी (डायब्यूटाइल फॉस्फेट) तयार होतं. सोडियम कार्बोनेटच्या पाण्याने धुवून घ्या, काम होईल.

सीएफडीवाला
मी म्हणेन आधी कॉम्प्युटरवर मॉडेल करा. टू-फ्लुइड मॉडेल, सोबत थेंबांच्या आकारासाठी पॉप्युलेशन बॅलन्स. होल्डअप (साचलेल्या थेंबांचं प्रमाण) कुठे वाढतो ते लगेच दिसेल.

केशर
शुक्रवारपर्यंत?

जुना_ऑपरेटर
मुग्धा, कॉलम काचेचा आहे ना, मग डोळ्यांनी काय दिसतं ते आधी सांग. फ्लड होताना सगळा कॉलम ताकासारखा पांढरा होतो, की प्लेटांखाली केरोसीनचे नितळ थर साचतात?

मुग्धा_के
पांढरा नाही होत, काका. नितळ थर साचतात. तळच्या प्लेटांखाली तर बोटभर. थेंब थोडे आणि मोठे आहेत.

जुना_ऑपरेटर
मग हे जास्त पल्सिंगचं फ्लडिंग नाही. फ्लडिंग दोन्हीकडून होतं. पल्सिंग फार वाढलं की थेंब इतके बारीक होतात की वर चढायला वेळच मिळत नाही, इमल्शन होऊन कॉलम भरतो. फार कमी झालं तरीही भरतो, कारण ३ मिमीच्या छिद्रांतून द्रव आपणहून फारसा जात नाही, स्ट्रोकने ढकलावा लागतो. वरच्या स्ट्रोकला ऑरगॅनिक प्लेटच्या वर जातं, खालच्या स्ट्रोकला ॲक्वस खाली येतं. ढकलणं अपुरं पडलं की प्लेटखाली थर वाढत जातो. तू फ्रीक्वेन्सी कमी करून आजार वाढवलास.

रसायनीकर
काका, आकडे बघा ना. २० मिमी आणि मिनिटाला ६०, म्हणजे सेकंदाला २ सेंमी. तिचा एकूण प्रवाह ५० मिमीच्या नळीत सेकंदाला जेमतेम अर्धा सेंमी होतो. अपुरं कुठे पडतंय?

केशर
२० मिमी पूर्ण की अर्धा? काही पुस्तकांत ॲम्प्लिट्यूड वरपासून खालपर्यंत धरतात, काहींत मधल्या रेषेपासून.

मुग्धा_के
पूर्ण. पल्सरच्या चकतीवर खूण आहे. पिस्टनचा व्यासही कॉलमइतकाच आहे.

जुना_ऑपरेटर
रसायनीकर, हिशोब बरोबर आहे. पण ते २० मिमी पिस्टनवरचे. कॉलममध्ये किती पोचतात ते मोजलंय का कोणी? मुग्धा, सुट्टीत काय उघडलं होतं?

मुग्धा_के
काहीच नाही. म्हणजे खालची गॅस्केट गळत होती ती बदलली. पल्स लेग (पिस्टनपासून कॉलमपर्यंतची नळी) रिकामी करून परत भरली. त्याचा काय संबंध?

जुना_ऑपरेटर
सगळा संबंध त्याचाच आहे. भरताना वळणात हवा अडकली असणार. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पिस्टन २० मिमी जातो, त्यातला बराचसा स्ट्रोक ती हवाच खाते. दोन्ही प्रवाह बंद कर, इंटरफेस ५० मिमीच्या नळीत खाली आण, मागे पट्टी लाव आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट कर. वरच्या रुंद सेटलरमध्ये मोजू नकोस, तिथे कमीच दिसेल.

निळा_डोंगर
हे कॉलम अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत वापरतात ना? साधा मिक्सर-सेटलर (द्रव घुसळून मग थर वेगळे होऊ देणारी टाकी) का नाही वापरत?

जुना_ऑपरेटर
तोही वापरतात. पण पल्स कॉलमच्या आत हलणारा एकही भाग नसतो. जाड भिंतीच्या आत, जिथे माणूस जाऊ शकत नाही, तिथे हे फार मोलाचं. हवेच्या दाबाने बाहेरून पल्स देता येते. शिवाय सॉल्व्हंट किरणोत्सारात कमी वेळ राहतो, म्हणून कमी खराब होतो. कल्पनेचं पेटंट व्हॅन डाइक यांचं, १९३५चं. अमेरिकेतल्या हॅनफर्डचा प्युरेक्स (पुनर्प्रक्रियेचा) प्लांट १९५६ साली अशाच कॉलमांवर सुरू झाला, आणि आपल्या ट्रॉम्बेचा १९६४ साली.

निळा_डोंगर
आणि त्या कचऱ्याचं पुढे काय करतात, तेही सांगा.

केशर
त्यासाठी वेगळा धागा काढा, हिचा शुक्रवार जवळ आलाय.

मुग्धा_के
मोजलं. ७ मिमी!! चकतीवर २०, कॉलममध्ये ७.

रसायनीकर
७ मिमी आणि ६० स्ट्रोक म्हणजे सेकंदाला ०.७ सेंमी. ४० वर आणलंत तेव्हा ०.४७, म्हणजे तुमच्या ०.५१ च्या एकूण प्रवाहाच्याही खाली. काका, मानलं. तरी सॉल्व्हंट धुवाच.

मुग्धा_के
वळणावरचा कॉक उघडला, कितीतरी वेळ बुडबुडे येत राहिले. नंतर १८ मिमी मिळाले. ६० स्ट्रोकवर काल चार तास चालवला, थर नाहीत, सगळीकडे बारीक थेंब, खालचं ॲक्वस स्वच्छ. काका, खरंच खूप आभार, मी तीन दिवस नुसती फ्रीक्वेन्सी कमी करत बसले होते. रसायनीकर, इंटरफेसवर तपकिरी साय दिसतेय, त्यामुळे सॉल्व्हंटही धुतेय. पण आज सकाळी परत मोजलं तर १६ च मिळाले. हवा पुन्हा येतेय का?

जुना_ऑपरेटर
मागे येणाऱ्या स्ट्रोकला पिस्टनच्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) ओढली जात असेल. ग्लँड जरा आवळ आणि रोज सुरू करण्याआधी कॉक उघडून हवा काढ. वहीत चकतीवरचा आकडा लिहू नकोस, पट्टीवर मोजलेला लिही. आधीच्या रनमध्ये काय लिहिलंयस?

मुग्धा_के
चकतीवरचा.

जुना_ऑपरेटर
मग सुट्टीनंतरचे सगळे रन परत घे. आज मंगळवार आहे, होतील.