मदत हवी आहे : पाचही स्वर असलेले इंग्रजी शब्द, अर्थासकट

भो, पोरगी सातवीला, तिच्या सरांनी ए ई आय ओ यू पाचही स्वर एकेकदाच येतील असे लांब वीस शब्द अर्थासकट मागितलेत, सोमवारी द्यायचेत. एज्युकेशन आणि डायलॉग (मागे यू ई लावून) लगेच सापडले, मग गाडी अडली. काल चोपड्याच्या बाजारात आई फुलकोबीचा भाव करत होती, पोरगी गड्डा हातात घेऊन ओरडली की पप्पा, कॉलिफ्लॉवर! खरंच बसला हो, अकरा अक्षरांचा.

फॅसिशस म्हणजे नको तिथं थट्टा करणारा आणि अ‍ॅबस्टीमियस म्हणजे खाण्यापिण्यात संयमी, या दोघांत स्वर क्रमानेच येतात. उलट क्रमाचा सबकॉन्टिनेंटल, म्हणजे उपखंडातला, हा तर भारीच. आमच्याकडं भरीत-पुरीच्या पार्टीत तो संयमी वाला शब्द कोणालाच लागू होत नाही ते सोडा.

एवढे पाच-सहाच झाले. अजून कोणाला येत असतील तर सांगा, स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून लिहा म्हणजे पोरीला मोजता येईल. आणि दोन-तीन शब्द मिळून पाच स्वर होतात असे वाक्प्रचार चालतील का, सरांनी फ्रेजेस पण म्हटलंय, त्यात तर मी पूर्ण कोरा आहे.