पहिलाच गेम आणि तो फोनवरही चालायला हवा: गोडॉट की युनिटी?

विश्रामबाग_लॅब (धागा सुरू)
सांगलीत विश्रामबागला मी सुट्टीत मुलांना गेम बनवायला शिकवते. नववी-दहावीची मुलं आहेत, काही डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची. लॅबमधले पीसी चार जीबी रॅमचे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुलांना गेम स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर हवा, मामा-मावशीला लिंक पाठवली की ब्राउझरमध्ये उघडायला हवा, आणि लॅबच्या विंडोजवर तर चालायलाच हवा.

गोडॉट आणि युनिटी ही दोन्ही गेम बनवायची सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनं. माझं मत सरळ आहे: नवशिक्यानं गोडॉट घ्यावं. डाउनलोड शंभर एमबीच्या आसपास, इन्स्टॉल करायची भानगड नाही, पेनड्राइव्हवरून थेट उघडतं. खातं नको, लॉगिन नको, लायसन्सची तारीख नको. एमआयटी हा मुक्त वापराचा परवाना असल्यानं बनवलेला गेम पूर्णपणे मुलांचा. गोडॉटची कोड लिहायची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनच्या वळणाची आहे, त्यामुळे शाळेत थोडं पायथन झालेलं पोर दुसऱ्या दिवशी स्वतः ओळी लिहायला लागतं. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

कराड_ते_पुणे
मॅडम, मला पटत नाही. मी मूळचा कराडचा, पुण्यात मोबाइल गेमच्या कंपनीत काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत पहिली गोष्ट बघतात ती युनिटी आणि तिथं कोड लिहायची भाषा, सी शार्प. जीडीस्क्रिप्ट गोडॉटच्या बाहेर कुठेच चालत नाही. सी शार्प शिकलेला मुलगा उद्या गेम सोडून दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाला लागला तरी ती भाषा त्याच्या कामी येते.

आणि अनेक प्लॅटफॉर्मचं म्हणाल तर जाहिराती, ॲपमधली खरेदी, कन्सोल (प्लेस्टेशनसारखी गेमची यंत्रं) हे सगळं युनिटीत वर्षानुवर्षं वापरून घासून निघालंय. कन्सोलचे एसडीके (त्यावर गेम बनवायची साधनं) बंदिस्त असल्यामुळे गोडॉटवाल्यांना तिथं तिसऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागते. अडलं की युनिटीवर उत्तर शोधायला दोन मिनिटं लागतात. नवशिक्याला हीच मदत सगळ्यात जास्त लागते.

विश्रामबाग_लॅब
नोकरीचा मुद्दा खरा आहे, पण नववीच्या मुलीला नोकरी नको आहे, तिला गेम पुरा करायचा आहे. युनिटी हब, एडिटर आणि वर अँड्रॉइडचं मॉड्यूल एवढं टाकलं की कित्येक जीबी जातात. चार जीबी रॅमवर ते उघडेपर्यंत तासातला उत्साह संपतो. शिवाय १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं दर इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली होती, ते कुणी विसरलेलं नाही. ‘स्ले द स्पायर’ हा गेम करणाऱ्या मंडळींनी दुसरा भाग गोडॉटवर नेला तो त्यानंतरच.

कराड_ते_पुणे
ते शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झालं, हेही लिहा की. आणि लागू राहिलं असतं तरी दोन लाख डॉलर कमाई आणि दोन लाख इन्स्टॉल पार केल्याशिवाय फुकटवाल्यांना एक पैसा द्यावा लागला नसता. विश्वासाला तडा गेला हे मान्य. पण सांगलीतल्या शिकाऊ पोरांना त्याची भीती घालणं योग्य नाही.

तुमच्या डाउनलोडबद्दलही एक. इंजिन लहान आहे, पण एक्स्पोर्ट टेम्पलेट (गेम फोन, वेब वगैरेसाठी बाहेर काढायला लागणाऱ्या फाइली) वेगळे उतरवावे लागतात, ते एक जीबीच्या घरात जातात. त्यावर अँड्रॉइड एसडीके आणि जेडीके ही जावाची साधनं. फोनवर पोचेपर्यंत तुमचाही पेनड्राइव्ह भरतोच.

मिरज_स्टेशनरोड
दोघंही कोड लिहिणाऱ्यांचंच बोलताय. माझा मुलगा मराठी माध्यमात सातवीत. त्याला मी जीडेव्हलप हे कोड न लिहिता चालणारं इंजिन दिलं. ते ब्राउझरमध्येच उघडतं, ‘हे याला धडकलं तर ते कर’ अशा अटी मांडत जायच्या. पहिल्याच रविवारी त्याचा उड्या मारणारा कोंबडा तयार झाला. कंसात अडकून पोरानं नाद सोडण्यापेक्षा हे बरं नाही का?

विश्रामबाग_लॅब
सातवीपर्यंत बरोबर, ताई. त्यापुढे अटींची यादी लांबत गेली की कुठली अट कुठे लागली हेच मुलांना सापडत नाही. अँड्रॉइड बिल्डही (फोनवर टाकायची तयार फाइल) फुकट खात्यावर दिवसाला ठरावीकच मिळतात.

आता वर्गातलंच सांगते, कारण अनेक प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते मुलांना इथं कळलं. एका मुलीनं सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, गेम केला. कृष्णेचं पाणी चढतंय, पेवात पाणी शिरायच्या आत पोती वर काढायची. पेवं पुरात गेली ते तिनं घरी ऐकलेलं, म्हणून जीव ओतून केला. लॅबमध्ये गेम छान चालला. तिच्या भावाच्या नव्या फोनवर टाकला तर तीन पोती काढेपर्यंत सगळं पाण्याखाली. तिला वाटलं फोन खराब आहे.

कारण असं: तिनं दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, पाणी एक पिक्सेल वर चढवलं होतं. लॅबचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० पिक्सेल. फोन १२० हर्ट्झचा, म्हणजे दुप्पट पूर. ओळ बदलून ‘वेग गुणिले डेल्टा’ केली. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. पाणी दोन्हीकडे सारखं चढायला लागलं. जीडीस्क्रिप्टमध्ये हा डेल्टा फंक्शनच्या कंसात समोरच लिहिलेला असतो, त्यामुळे ‘हे काय आहे?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारतं.

कराड_ते_पुणे
उदाहरण उत्तम आहे, मी आमच्या नव्या मुलांना हेच शिकवतो. पण याचं श्रेय इंजिनला देऊ नका. युनिटीत टाइम डॉट डेल्टाटाइम आहेच. तिथं उलटं होतं: मोबाइलवर युनिटी मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर धरून ठेवतं, म्हणजे त्या मुलीचा पूर फोनवर निम्म्या वेगानं आला असता आणि गेम फारच सोपा झाला असता. चूक तीच, उपायही तोच. कोणतंही इंजिन घ्या, पहिल्या आठवड्यातच गेम फोनवर टाकून बघा. बोटाला बटण लागतं का, लांबट स्क्रीनवर कडेचं काही कापलं जातंय का, हे पीसीवर कधीच कळत नाही.

वाई_घाट
मराठीचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. मी मराठी शब्दांचा गेम करतोय. आपली अक्षरं एकापुढे एक मांडून चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि दिसताना आधी, जोडाक्षरांत तर आकारच बदलतो. हे जुळवून देणारी यंत्रणा गोडॉट ४ मध्ये अंगचीच आहे. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाकला की ‘हरिपूर’ नीट उमटतं. युनिटीत मजकूर दाखवायला सगळे जे टेक्स्टमेशप्रो वापरतात ते ही जुळणी करत नाही, वेलांटी र च्या नंतर जाऊन बसते. ज्याला मराठीत गेम करायचा आहे त्याच्यासाठी माझ्या मते विषय इथंच संपतो.

फॉन्ट मात्र प्रोजेक्टमध्ये घालाच. फोनवर सिस्टिमचा फॉन्ट वेळ मारून नेतो, ब्राउझरमध्ये नुसते चौकोन दिसतात.

कराड_ते_पुणे
हा मुद्दा वजनदार आहे. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (बटणं, मजकूर मांडायचा संच) नवी अक्षरजुळणी आली आहे, पण नवशिक्याला तिथवर पोचायला वेळ लागेल, हे खरं. शब्दांच्या गेमला मीही गोडॉटच सांगेन.

तासगाव_शिवार
आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही. भाची अकरावीला आहे, फोन बऱ्यापैकी आहे. तिनं काय करावं?

विश्रामबाग_लॅब
गोडॉटचा एडिटर अँड्रॉइडवरही मिळतो, प्ले स्टोअरवर आहे. लहान स्क्रीनवर दाटीवाटी होते, पण ब्लूटूथ कीबोर्ड जोडला तर लिहिता येतं. छोटा टू-डी गेम नक्की होईल. युनिटीत ही सोय नाही.

मिरज_स्टेशनरोड
आणि आयफोन? लिंकचं काय?

विश्रामबाग_लॅब
आयफोनच्या ॲपसाठी गोडॉट घ्या की युनिटी, सहसा मॅक आणि एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लागतं, वर ॲप स्टोअरवर टाकायला ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर. वर्गात तो विषयच काढत नाही. लिंकसाठी इच डॉट आयओ ही गेम ठेवायची वेबसाइट, फुकट. गोडॉट ४.३ पासून वेब एक्स्पोर्ट (गेम ब्राउझरसाठी बाहेर काढणं) थ्रेडशिवाय, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं न चालवता होतो, त्यामुळे सर्व्हरच्या सेटिंगची कटकट गेली. गोडॉट ४ मध्ये सी शार्प वापरलं तर मात्र वेब एक्स्पोर्ट मिळत नाही, म्हणूनही मी जीडीस्क्रिप्टवर ठाम आहे.

प्ले स्टोअरचं वेगळं. एकदाच २५ डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पेवांचा गेम तिथं टाकायचा आहे, खातं माझ्या नावावर काढलंय. कोण कोण येतंय?

वाई_घाट
मी आणि घरचे दोघं.

तासगाव_शिवार
भाचीला धरा.

कराड_ते_पुणे
मलाही घ्या. माझ्याकडे एक अगदी जुना फोनही आहे, त्यावर पाणी कसं चढतं ते कळवतो. डिप्लोमाच्या मुलांना मात्र पुढच्या सुट्टीत सी शार्प शिकवा. त्या मतावरून मी हटणार नाही.