‘माफी’, ‘सूट’ की ‘तहकुबी’? : सक्तीची सैन्यभरती आणि शेतमजूर

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटनविषयी लिहिताना ‘शेतमजुरांनी लष्करी सेवेतून माफी मागितली’ असे वाक्य मी योजले आहे. येथे ‘माफी’ योग्य आहे का?

उत्तर १ : माझ्या मते योग्य नाही. कर्जमाफी, शुल्कमाफी अशा समासांत हा शब्द रुळलेला असला, तरी ‘माफी मागितली’ म्हटले की आधी अपराध आठवतो, आणि ही माणसे तर कायद्याने दिलेला हक्क बजावत होती. जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेने सक्तीच्या भरतीचा कायदा केला, त्यातच राष्ट्रीय महत्त्वाचे काम, कुटुंबाची हलाखी, आजारपण किंवा सदसद्विवेकबुद्धीचा आक्षेप (म्हणजे शस्त्र धरणे मनाला न पटणे) या कारणांवरून स्थानिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची तरतूद होती. न्यायाधिकरणाचा निर्णय बिनशर्त, सशर्त किंवा मुदतीचा असे, आणि या तिन्हींना ‘सूट’ हा शब्द नीट लागू पडतो.

मला अधिक खटकतो तो या वाक्यातला कर्ता. नांगऱ्या, गुरे सांभाळणारा किंवा मेंढपाळ यांच्यासाठी पुष्कळदा मालकच अर्ज करीत असे. हा गडी गेला तर घोडे कोण जुंपणार आणि धारा कोण काढणार, हे तोच सांगे, आणि लष्कराचा प्रतिनिधी त्याला हरकत घेऊ शके. सशर्त सूट त्या कामावर राहण्याशी बांधलेली असल्यामुळे मालकाशी बिनसले, तर मजुराला नोकरीबरोबर सूटही गमावण्याची धास्ती होती. म्हणून जेथे अर्ज मालकाचा आहे, तेथे ‘शेतमजुरांसाठी मालकांनी सूट मागितली’ असेच लिहावे. नाहीतर ज्याच्या जिवाचा प्रश्न होता त्याला बोलायला मिळाले की नाही, हे वाचकाला कळतच नाही.

अमेरिकेतील दुसऱ्या महायुद्धाविषयी लिहायचे असेल, तर मात्र ‘सूट’सुद्धा पुरत नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये सिनेटर मिलार्ड टायडिंग्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती तेथील भरतीच्या कायद्यात झाली. युद्धासाठी आवश्यक अशा शेतीकामात नियमित गुंतलेल्या माणसाची भरती, त्याच्या जागी योग्य माणूस मिळेपर्यंत, तिने पुढे ढकलली. स्थानिक भरती मंडळाच्या संमतीवाचून शेत सोडले, तर हे संरक्षण जाई. आपल्याकडील जुन्या महसुली व्यवहारात दुष्काळी वर्षी सारा ‘तहकूब’ झाला तर तो पुढे भरावा लागे, आणि ‘सूट’ मिळाली तर भरावा लागत नसे. हाच भेद येथे आहे, म्हणून ‘भरतीची तहकुबी’ हा प्रयोग मला अचूक वाटतो.

उत्तर २ : वरील मताशी मी सहमत आहे, फक्त ‘शेतमजूर’ या शब्दाविषयी एक भर घालतो. आपल्याकडे शेतमजूर म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजाने किंवा सालाने राबणारा. कॅनडात १९१७ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यानंतर शेतीवरील माणसांच्या सवलतीवरून जो वाद पेटला, तो मुख्यतः शेतकऱ्यांच्या मुलांचा, म्हणजे बापाच्याच शेतात कष्ट करणाऱ्या तरुणांचा होता. त्यांना ‘शेतमजूर’ म्हणणे चुकीचे ठरेल. डिसेंबर १९१७ च्या निवडणुकीपूर्वी सरकारने त्यांना सूट देण्याचे आश्वासन दिले होते. पश्चिम आघाडीवर जर्मनीने मार्च १९१८ मध्ये मोठी चढाई केल्यावर एप्रिलमध्ये २० ते २२ वर्षांच्या तरुणांच्या सवलती रद्द झाल्या, आणि मे महिन्यात हजारो शेतकरी राजधानी ओटावात जाब विचारायला गेले. या प्रसंगी ‘सूट संपली’ असे लिहू नये, कारण मुदत संपलेली नव्हती. ‘दिलेली सूट सरकारने काढून घेतली’ असे लिहावे.