कळ थांबते, मग जळजळ का?
पेपरमिंटच्या (पुदिन्याच्या एका जातीच्या) तेलाने पोटातली कळ थांबते, मग छातीत जळजळ का होते, असं एकाने विचारलंय. दोन्हींचं मूळ एकच. आतड्याचे अनैच्छिक स्नायू आवळायला पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. या तेलातलं मुख्य द्रव्य, मेन्थॉल, नेमकी तीच वाट अडवतं. पण अन्ननलिकेच्या तळाची झडपही तसल्याच स्नायूची. तीही सैल पडते नि आम्ल वर चढतं. म्हणून या तेलाच्या कॅप्सूलला जठरात न विरघळणारं वेष्टण असतं. त्या चावून खाऊ नका.

‘वनस्पती आहे, म्हणजे सौम्यच’ असंही त्या प्रश्नात म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. अडुळशातलं व्हॅसिसीन हे द्रव्य श्वासनलिका मोकळी करतं, पण गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. गरोदर बाईला खोकल्यासाठी अडुळशाचा काढा परस्पर देऊ नये.