भिंगरीच्या शेपटीची लांब पिसे हिवाळ्यात कुठे जातात?

उजनीकाठ

नमस्कार. आमचे शेत उजनीच्या फुगवट्याला लागून आहे. गणपतीच्या सुमारास कालव्यालगतच्या विजेच्या तारांवर भिंगऱ्या बसू लागतात आणि शिमग्यानंतर हळूहळू दिसेनाशा होतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. यंदा प्रथमच दुर्बीण हाती आली. डिसेंबरात एका तारेवर सत्तावीस पक्षी मोजले. त्यांपैकी एकाच्याही शेपटीला चित्रांत दाखवतात तशी दोन्ही बाजूंची लांब, बारीक पिसे नव्हती, आणि दोघातिघांची तर एकच बाजू थोडी लांब होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्याच तारेवर बहुतेकांना ती पिसे दिसली. या दोन वेगळ्या जाती आहेत का? शिवाय पुलाखाली चिखलाची घरटी आहेत आणि तेथे भर मे महिन्यातही ये-जा चालू असते. मग स्थलांतर करणारे पक्षी कोणते?

पाणवठा

तारेवरचे पक्षी दोन्ही वेळी एकाच जातीचे असावेत. भिंगरी आपल्या पंखांची आणि शेपटीची पिसे विणीच्या प्रदेशात बदलत नाही. ते काम ती हिवाळी मुक्कामावर येऊन करते. पिल्लांना दिवसभर चारा भरवत असताना किंवा शेकडो कोस उडत असताना पंख अपुरे असणे तिला परवडणारे नाही. तिचे सगळे खाणे हवेतच उडते कीटक पकडून चालत असल्यामुळे एकाच वेळी बरीच पिसे गाळून बदकांसारखे काही आठवडे न उडता राहण्याचीही सोय नाही. म्हणून दोन्ही पंखांतील एकेक पीस जोडीने गळते, नवे पुरेसे वाढले की पुढचे गळते, आणि हा क्रम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. आपण पाहिलेल्या एका बाजूच्या शेपटीचा अर्थ हाच आहे. त्यातच आदल्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पक्ष्यांची शेपटी मुळातच आखूड असते आणि त्यांचा कंठही फिकट असतो.

पुलाखालची मंडळी वेगळी आहेत. डोक्यावर तांबूस टोपी, खालचे अंग स्वच्छ पांढरे आणि शेपटीला दोन तारा असतील, तर ती तारशेपटी भिंगरी. ती बारमाही येथेच राहते. स्थलांतर करणाऱ्या भिंगरीचे कपाळ व कंठ तांबडे असतात आणि छातीवर गडद निळा पट्टा असतो. घरटे सुरईसारखे, नळीच्या तोंडाचे असेल, तर ते लाल कंबरेच्या भिंगरीचे.

कोकणी

आमच्याकडे या सगळ्यांना सरसकट पाकोळी म्हणतात.

पाणवठा

तसे अनेक ठिकाणी म्हणतात, परंतु पाकोळीची चारही बोटे पुढे वळलेली असल्यामुळे तिला तारेवर बसता येत नाही. ती भिंतीला किंवा कड्याला लटकते. तारेवर ओळीने बसलेला पक्षी पाहिला की हा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

झेलमकाठी

मी नोकरीनिमित्त तीन वर्षे श्रीनगरमध्ये होतो. तेथे भिंगरीला कतिज म्हणतात आणि ती घरांत, दुकानांत घरटे बांधते. मी ज्यांच्याकडून पाव घेत असे, त्या वयस्कर नानवायाच्या दुकानात तुळईला चिखल-काड्यांचे उघडे, अर्ध्या वाटीसारखे घरटे होते. खाली विष्ठा पडू नये म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा टांगला होता, आणि रात्री दुकान बंद करताना वरची एक फळी न चुकता उघडी ठेवत असत. एप्रिलमध्ये त्या जोडीची शेपटी अगदी सुबक, पूर्ण वाढलेली असे. ती आदल्या हिवाळ्यात दक्षिणेकडे कोठेतरी उगवली होती, हे आज वरील उत्तर वाचून लक्षात आले. नराची पिसे मादीपेक्षा लांब असतात आणि जोडीदार निवडताना मादी त्या लांबीकडे पाहते, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे वरातीचा पोशाख शिवण्याचे काम तुमच्या कालव्याकाठी होते म्हणायचे!

युरोपातील भिंगऱ्यांचेही असेच आहे, फक्त त्यांचा मुक्काम आफ्रिकेत असतो. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरमध्ये जॉन मेसफील्ड नावाच्या वकिलांनी मे १९११ मध्ये एका भिंगरीच्या पायात वळे अडकवले होते, आणि तीच भिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. जेमतेम वीस ग्रॅमच्या पक्ष्याने केलेल्या या प्रवासाचा पुरावा मिळेपर्यंत, भिंगऱ्या थंडीत तळ्याच्या चिखलात झोपतात हे मत युरोपात कित्येक शतके चांगल्या विद्वानांनीही मांडलेले होते.

उजनीकाठ

आपणा सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मुद्दाम पुलाखाली जाऊन पाहिले. टोपी तांबूस आणि पोट पांढरेशुभ्र आहे, तेव्हा ती तारशेपटीच ठरते. कालव्याच्या तारेवर आता सहाच भिंगऱ्या उरल्या आहेत. त्यांपैकी एकीच्या शेपटीचे डावे पीस अजून उजव्याच्या निम्मेच आहे.