भावाला शारजात वेल्डरचा जॉब, एजंट म्हणतो व्हिजिटवर जा. पाठवू का?

खेडची_माहेरवाशीण:
धाकटा भाऊ वेल्डर आहे, दहावीत गणित राहिलं म्हणून आठवीच्या बेसवर आयटीआय केलं, सध्या लोटे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर. ओळखीतला एकजण शारजात फॅब्रिकेशन कंपनीत लावतो म्हणतोय, पगार १८०० दिरहम, राहणं कंपनीचं, खर्च १ लाख २० हजार. पण म्हणे आधी व्हिजिट व्हिसावर जायचं आणि वर्क परमिट तिकडे गेल्यावर होईल, सगळे असेच जातात. सोमवारपर्यंत ४० हजार आणि ओरिजिनल पासपोर्ट मागतोय. आईने पाटल्या काढून ठेवल्यात मोडायला. पासपोर्टवर ईसीआर छापलंय, त्याने काही फरक पडतो का?

मुसाफ्फा_रिटर्न:
ताई पासपोर्ट देऊ नका, बाकीचं मग बोलू.

ईसीआर म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, त्यानेच तर सगळा फरक पडतो. दहावी पास नसलं की तो शिक्का येतो, आणि तसा पासपोर्ट असेल तर यूएईला कामाला जाण्याआधी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे आपल्या सरकारची परवानगी, घ्यावा लागतो, ते काम ई-मायग्रेट या सरकारी साइटवरून होतं, आणि एजंटमार्फत करायचं तर एजंट तिथे रजिस्टर लागतो. हा माणूस रजिस्टर नसणार, म्हणून व्हिजिटचा रस्ता दाखवतोय. त्याच्याकडे लायसन्स नंबर मागा आणि साइटवर टाकून बघा. रजिस्टर एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. व्हिसा, परमिटचा खर्च तिकडच्या कायद्याने कंपनीचा. मग १ लाख २० हजार कसले?

रीतसर गेला तर प्रवासी भारतीय बीमा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कामगारांचा सरकारी विमा, पण निघतो, १० लाखांचं कव्हर, दोन वर्षांचे २७५ रुपये आणि टॅक्स. वडापावच्या पैशात होतो तरी लोक विचारत नाहीत.

कंटेनरमागचा:
मी गेलोय तसा, अजमानला. गेल्यावर फोरमन म्हणाला परमिट पुढच्या आठवड्यात, असे सात आठवडे गेले, लेबरचा इन्स्पेक्टर आला की व्हिजिटवाल्या आम्हा चौघांना मागच्या कंटेनरमध्ये बसवून बाहेरून कडी, आत आर्गॉनचे सिलिंडर आणि जुलैचं ऊन. पगार पहिल्या महिन्याचा अर्धा रोख मिळाला, दुसऱ्याचा नाहीच, कागदावर मी तिथे कामाला नव्हतोच तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? वर व्हिसा संपला तेव्हापासून दिवसाला ५० दिरहम दंड, तो भरायला घरून पैसे मागवले. घरी अजून हे माहीत नाही, सांगितलंय कंपनी बुडाली.

पुण्याचा_बाप्या:
सगळेच फसतात असं नाही हां. माझा मेव्हणा व्हिजिटवर गेला, इंटरव्ह्यू दिले, तिथेच व्हिसा चेंज करून लागला.

मुसाफ्फा_रिटर्न:
बाप्या भाऊ, मेव्हणा ग्रॅज्युएट असणार, म्हणजे ईसीआर नाही. नोकरी शोधणं वेगळं आणि परमिट नसताना काम करणं वेगळं, दुसरं तिकडे गुन्हा आहे, मालकाला दंड १ लाख दिरहमपासून पुढे. आणि हा पोरगा बहुतेक मुंबई एअरपोर्टवरच अडकेल, ईसीआर आणि व्हिजिट बघून काउंटरवाला चार प्रश्न विचारतोच.

खेडची_माहेरवाशीण:
लायसन्स नंबर मागितला तर म्हणाला मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा आहे, मी त्यांचा माणूस. ऑफर लेटर म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलाय, त्यात पदाच्या जागी हेल्पर लिहिलंय आणि बेसिक ७००. मी नको म्हणून कळवलं, तर आता ४० चे २५ वर आलाय.

मुसाफ्फा_रिटर्न:
बघा, भाजी मंडईसारखा भाव उतरतोय. सबएजंटला काही अर्थ नाही. खरं ऑफर लेटर तिकडच्या लेबर मिनिस्ट्रीच्या फॉरमॅटात असतं, हिंदीतही मिळतं, नंबर टाकून त्यांच्या साइटवर तपासता येतं. त्यात पद वेल्डरच हवं, आणि बेसिककडे नीट बघायचं कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकएवढी. बाकी नुसता अलाउन्स दाखवून १८०० करतात.

घाई नसेल तर भावाला आधी सिक्स जी पाइप वेल्डिंगचा, म्हणजे तिरक्या बसवलेल्या पाइपला न फिरवता गोल जोड मारायचा, हात बसवू दे. मुंबईत ट्रेड टेस्ट होतात तेव्हा त्या एका जॉइंटवर पगाराचा आकडा बदलतो. आणि राहिलेलं गणित काढलं तर शिक्काच जाईल, पासपोर्ट री-इश्यू करून घ्यायचा.

कंटेनरमागचा:
गणिताचं खरंय. मी मार्चमध्ये बसतोय परत.